नोटा मोजायचं अन् नकली पकडायचं मशीन: मोजायला दहापैकी नऊ, पकडायला सहा

आधी मुद्द्याचं सांगतो, कारण हे वाचणारे निम्मे तरी दुकानदार असणार आणि काउंटरवर उभं राहूनच वाचत असणार. मशीन घ्या. पण नकली नोट पकडायचं मशीन म्हणून घेऊ नका, नोटा मोजायचं मशीन म्हणून घ्या, आणि पकडायचं काम ते जेवढं करेल तेवढा वरचा फायदा समजा. खोक्यावर मोठ्या अक्षरात हंड्रेड पर्सेंट फेक डिटेक्शन असं छापलेलं असतं, ते ज्याने छापलं त्याने जून महिन्यात एक दिवस आमच्या गल्ल्यावर येऊन बसावं.

आमचं कृषी सेवा केंद्र आहे निफाड तालुक्यात. बियाणं, खतं, फवारणीची औषधं, थोडंफार ड्रिपचं सामान. आता बरंच पेमेंट फोनवर येतं हे खरंय, पण पेरणीच्या तोंडाला आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला अजूनही रोखच जोरात चालते. लासलगावला नाहीतर पिंपळगावला कांदा विकून माणूस तसाच ट्रॅक्टर घेऊन दुकानावर येतो, बंडीच्या आतल्या खिशातनं पाचशेच्या नोटांचा गठ्ठा काढतो, आधी मागची उधारी कापा म्हणतो आणि राहिलेल्या पैशात बसेल तेवढं खत भरा म्हणतो. नोटा कशा तर घामाने दमट, मातीने भरलेल्या, कुठं बोर्डो औषधाचा निळा डाग, कुठं हळद, काही तर रबर लावून लावून मधनं अशा वाकलेल्या की सरळ व्हायचं नावच घेत नाहीत. हे सगळं यासाठी सांगतोय की इंटरनेटवर जे व्हिडिओ आहेत त्यात बँकेतली कोरी करकरीत गड्डी टाकतात, ती काय कुठलंही मशीन मोजतं हो.

मशीन घेताना दोन जाती आहेत हे नीट समजून घ्या कारण दुकानवाला हे धड सांगत नाही. एक साधं, ज्याला लूज नोट काउंटिंग म्हणतात, ते फक्त किती नोटा झाल्या ते सांगतं, कुठली नोट आहे हे त्याला कळत नाही. शंभर नोटा टाकल्या तर शंभर म्हणेल, त्या पाचशेच्या आहेत का वीसच्या हे तुम्ही बघा. दुसरं मिक्स व्हॅल्यू वालं, ते नोटेचं चित्र वाचतं, पाचशे दोनशे शंभर सगळं एकत्र टाकलं तरी एकूण रुपये किती ते सांगतं, कुठल्या किती ते पण वेगवेगळं दाखवतं. आम्हाला साध्याचा भाव आठ हजारांच्या आसपास सांगितला आणि मिक्सचा त्याच्या दुपटीच्या पुढं. आम्ही साधं घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी पण लिहिणारे आणि खरं सांगायचं तर या भावातली सगळी मशीनं आतनं एकसारखीच वाटतात, वरचं स्टिकर तेवढं बदलतं.

मोजायच्या कामाबद्दल मात्र काही बोलायची सोय नाही. मिनिटाला हजार नोटांचा स्पीड लिहिलाय, म्हणजे शंभर नोटांची गड्डी सहा-सात सेकंदात. आमच्या मळक्या नोटांना तेवढा स्पीड मिळत नाही, मध्ये मध्ये अडकतं, पण तरी हाताने थुंकी लावून मोजण्यापेक्षा कितीतरी बरं (आणि औषधाच्या दुकानात बोटाला थुंकी लावणं हा प्रकार मुळातच बंद व्हायला पाहिजे, त्या नोटांवर काय काय असतं ते मला माहितीये). बॅच मोड आहे, शंभरवर सेट केलं की शंभरला थांबतं, रबर लावा, पुढची गड्डी. ॲड मोडमध्ये आधीचा आकडा धरून पुढं मोजत जातं. संध्याकाळी हिशोब करताना हा ॲड मोड फार कामाचा. गिऱ्हाइकाकडं तोंड करून ठेवायचा छोटा डिस्प्ले सोबत येतो, तो नक्की लावा. माणूस स्वतःच्या डोळ्याने आकडा बघतो, मग "मी दिले तेव्हा बरोबर होते" हा वाद निम्म्याने कमी होतो.

साधं मशीन कितीची नोट ते ओळखत नसलं तरी नोटेचं माप बघतं, आणि तिथंच एक खोड आहे. २०१६ नंतरच्या ज्या नव्या सिरीजच्या नोटा आहेत ना, त्यात पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास या सगळ्यांची रुंदी एकच आहे, ६६ मिलिमीटर. फरक फक्त लांबीत. पाचशेची १५०, दोनशेची १४६, शंभराची १४२. म्हणजे पाचशेच्या गड्डीत चुकून दोनशेची नोट गेली तर फरक फक्त चार मिलिमीटरचा, आणि साध्या मशीनला तो कधी कळतो कधी कळत नाही. नोट जराशी तिरकी गेली की संपलं. उलट शंभराच्या नोटांचा वेगळाच घोळ, कारण जुनी निळसर शंभराची नोट अजून चलनात आहे, ती ७३ बाय १५७ ची, आणि नवी जांभळट, मागं राणी की वाव या विहिरीचं चित्र असलेली, ६६ बाय १४२. दोन्ही एकत्र टाकल्या की मशीन प्रत्येक दुसऱ्या नोटेला थांबून ओरडतं. म्हणून शंभराच्या नोटा आधी हाताने जुन्या-नव्या वेगळ्या करायच्या. आणि मध्येच कुणीतरी व्हॉट्सॲपवर "जुनी शंभराची बंद झाली" असं पाठवतो, ती बंद झालेली नाही, घ्यायची.

आता नकली पकडायचं. हे जरा सविस्तर लिहितो कारण सगळा गैरसमज इथंच आहे.

लोकांना वाटतं मशीन नोट "बघतं". साधं मशीन काही बघत नाही. त्यात तीन प्रकारचे सेन्सर असतात, यूव्ही, एमजी आणि आयआर, आणि ते तिन्ही फक्त एकेका प्रश्नाचं उत्तर देतात. यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, तो विचारतो की कागद चमकतो का. आपल्या नोटेचा कागद कापसाचा, त्यात पांढरं करायचं केमिकल घातलेलं नसतं, म्हणून यूव्हीखाली खरी नोट मंद दिसते, फक्त नंबर आणि कागदातले बारीक धागे उजळतात. बाजारात मिळणारा प्रिंटरचा कागद मात्र निळसर पांढरा भगभगीत चमकतो. एमजी म्हणजे चुंबकीय, तो नोटेतली सुरक्षा तार आणि शाईतली खूण शोधतो. आयआर म्हणजे इन्फ्रारेड, तो शाई त्या उजेडाला कसा प्रतिसाद देते ते बघतो. बास. गांधीजींचं चित्र नीट आहे का, वॉटरमार्क आहे का, स्पेलिंग बरोबर आहे का, यातलं काहीही साधं मशीन तपासत नाही.

म्हणजे कलर प्रिंटरवर साध्या कागदाची काढलेली नोट असेल तर यूव्हीत हमखास सापडते, ते काम मशीन चोख करतं. पण कागद जर न चमकणारा वापरला असेल तर यूव्हीला ती खरीच वाटणार. आणि याच्या बरोबर उलटं पण होतं, खरी नोट नकली ठरते. आमच्याकडं कांदेवाले एक आप्पा येतात, वय सत्तरीच्या पुढं, त्यांच्या नोटेवर मशीन ओरडलं. परत टाकली, परत ओरडलं. आप्पांचा चेहरा असा झाला की जणू त्यांनीच ती छापली. म्हणले, "अरे बाबा, मार्केटातनं आणली तशीच दिली मी." मी नोट उजेडात धरली, वॉटरमार्क बरोबर, तार बरोबर, बोटाला उठाव लागतोय, नोट शंभर टक्के खरी. मग विचारलं आप्पा खिशात राहून धुतली गेली का? तर हो, बंडीसकट धुतली होती म्हणे सुनेने. आता कपडे धुवायच्या पावडरमध्ये तेच चमक आणणारं केमिकल असतं, कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात, ते नोटेच्या कागदात मुरतं आणि नोट यूव्हीखाली ट्यूबलाइटसारखी पेटते. मशीनला वाटतं नकली. गावाकडं धुतलेली नोट म्हणजे काही दुर्मिळ वस्तू नाही, त्यामुळं हा प्रकार सारखा होतो.

यावरूनच पुढची खरी तक्रार. असं सारखं ओरडायला लागलं म्हणून आम्ही सर्व्हिसवाल्याला बोलावलं. पोरगा आला, मेनूत गेला, दोन बटणं दाबली, "शेठ, सेन्सिटिव्हिटी कमी करून दिली, आता बीप येणार नाही." आणि खरंच आला नाही. सगळे खुश. मग काही आठवड्यांनी बँकेत भरणा करायला भाऊ गेला तर कॅशियरने आमच्याच गड्डीतनं पाचशेची एक नोट बाजूला काढली. बनावट. हीच गड्डी आदल्या संध्याकाळी मशीनमधनं गुपचूप पास झाली होती. म्हणजे बीप कमी केले म्हणजे नेमकं काय कमी केलं हे त्या पोराने आम्हाला सांगायला पाहिजे होतं, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तर या सेटिंगबद्दल दोन ओळी आहेत, त्या पण अशा की लिहिणाऱ्याला तरी कळल्या का देव जाणे. सेन्सिटिव्हिटी वाढवली की खऱ्या नोटा अडतात, कमी केली की खोट्या सुटतात, मधला आकडा ज्याच्या त्याच्या गल्ल्यातल्या नोटांवर ठरतो. शहरातल्या कपड्याच्या दुकानाला जे सेटिंग चालेल ते बाजार समितीच्या पट्ट्यात चालत नाही. आम्ही आता यूव्ही मध्यम आणि एमजी, आयआर पूर्ण वर ठेवलंय, धुतलेल्या नोटांचे बीप सहन करतो.

बँकेत पुढं काय होतं ते पण सांगतो, कारण लोक याला उगाच घाबरतात किंवा उगाच हलक्यात घेतात. बँक ती नोट परत देत नाही. देऊच शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नोटेवर बनावट असल्याचा शिक्का मारतात, जप्त करतात, तुम्हाला पोच देतात, आणि तेवढे पैसे खात्यात जमा होत नाहीत. पाचशे गेले ते गेले. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या शेवटी एकत्र रिपोर्ट पोलिसांना पाठवते, पाच किंवा जास्त निघाल्या तर एफआयआर. पोच मागून घ्या, नाही दिली तर मागाच. कॅशियरने "जाऊ द्या शेठ, घेऊन जा परत" म्हणलं तरी घेऊ नका, कारण नकली आहे हे कळल्यावर ती नोट तुमच्या खिशात असणं आणि कळायच्या आधी असणं यात कायद्याने फार फरक पडतो. आमच्याकडं लगेच एकाने सल्ला दिला होता, आठवडे बाजारात गर्दीत चालवून टाका म्हणून. माहीत असताना चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली गुन्हा आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे त्याला. पाचशे रुपयांसाठी कोण डोक्याला ताप करून घेईल. आणि बाजारात ती नोट जाणार कुणाकडं, तर भाजी विकणाऱ्या बाईकडं, जिच्याकडं मशीन पण नाही.

बरं हे आमच्याच नशिबात आलं असं पण नाही. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात आकडे येतात, २०२४-२५ मध्ये नव्या सिरीजच्या पाचशेच्या बनावट नोटा १ लाख १७ हजारांच्या वर पकडल्या गेल्या, आदल्या वर्षीपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त. दोन हजाराची नोट मे २०२३ मध्ये मागे घेतली तेव्हापासून मोठी नोट म्हणजे पाचशेचीच राहिली, नकली छापणारा पण तीच छापणार ना.

म्हणून मशीन असलं तरी पाचशेची नोट हाताने आणि डोळ्याने ओळखता आलीच पाहिजे, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही. मी दुकानातल्या पोराला असं शिकवलंय, आधी अंगठा. नोटेच्या डाव्या आणि उजव्या कडेला पाच-पाच तिरप्या रेघा आहेत, त्या बोटाला लागतात, गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभ पण उठून लागतो. ही उठावाची छपाई प्रिंटरला जमत नाही, नकली नोट सपाट लागते. जुन्या वापरलेल्या नोटेत उठाव कमी होतो पण पूर्ण जात नाही. मग नोट तिरकी करायची, मधली तार हिरवी दिसते ती निळी व्हायला पाहिजे, आणि खाली उजवीकडं जो रुपयाच्या चिन्हासकट पाचशेचा आकडा आहे तो पण हिरव्याचा निळा होतो. नकलीत तारेच्या जागी हिरवी चमकी पट्टी चिकटवलेली असते, ती चमकते खूप पण रंग बदलत नाही, हे लक्षात ठेवा, चमकणं आणि रंग बदलणं वेगळं. तारेवर भारत आणि आरबीआय लिहिलेलं असतं. मग उजेडात धरायची, मोकळ्या जागेत गांधीजींचा वॉटरमार्क आणि शेजारी पाचशेचा आकडा दिसला पाहिजे, आणि तो कागदाच्या आतनं दिसला पाहिजे, वरनं करड्या शाईने छापल्यासारखा नाही. शेवटी नंबर. नंबरातले आकडे डावीकडनं उजवीकडं लहानाचे मोठे होत जातात, सुरुवातीची तीन अक्षरं-आकडे तेवढे सारख्या उंचीचे. नकलीत बऱ्याचदा सगळे एकाच मापाचे नाहीतर वेडेवाकडे. एवढं बघायला सवय झाली की चार-पाच सेकंद लागतात. नोट डोळ्याच्या रेषेत आडवी धरली की डाव्या बाजूला लपलेला पाचशेचा आकडा पण दिसतो, पण तो दुकानातल्या उजेडात बघत बसायची कटकट मी करत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाचा एक अलर्ट आला होता, चांगल्या दर्जाच्या बनावट पाचशेच्या नोटा फिरताहेत आणि त्यात इंग्रजीत रिझर्व्ह बँक लिहिताना रिझर्व्हमधल्या एका ई च्या जागी ए पडलाय. तेव्हापासून आमच्या इथं काही लोक नुसतं स्पेलिंग वाचून नोट पास करायला लागले. अहो ती त्या एका मालातली चूक होती, पुढच्या मालात ते स्पेलिंग सुधारतील की.

आणि अफवांचं तर विचारूच नका. हिरवी पट्टी गव्हर्नरच्या सहीजवळ असेल तर खरी आणि गांधीजींजवळ असेल तर खोटी, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, सरकारच्या माहिती कार्यालयाने, पीआयबीने, खोटा म्हणून सांगितला तरी फिरतोय, दोन्ही नोटा खऱ्याच असतात. नंबरात चांदणी असलेली नोट कुणी घ्यायला तयार नसतं, ती पण खरी, छापताना खराब झालेल्या नोटेच्या बदल्यात ती नोट गड्डीत घालतात, रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. नवीन गव्हर्नर आले की नवीन सही येते, मग काही दिवस "ही सही कुणाची" म्हणून लोक नोट उलटीपालटी करतात. आणखी एक, रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप आहे, जानेवारी २०२० मध्ये आलं, लोकांना वाटतं त्याने फोटो काढला की खरी-खोटी कळते. तसं नाहीये. ते ॲप डोळ्याने अधू असणाऱ्यांसाठी आहे, नोट कितीची आहे तेवढं बोलून सांगतं, खरी का खोटी हे ते सांगत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. बघायचंच असेल तर रिझर्व्ह बँकेची पैसा बोलता है ही साइट बघा, प्रत्येक नोटेचं चित्र आणि कुठं काय बघायचं ते दिलंय. तिथनं पाचशेच्या नोटेचं पान प्रिंट काढून मी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, ते या आठ हजारांच्या मशीनपेक्षा जास्त वेळा कामी आलंय.

गंमत म्हणजे करन्सी नोट प्रेस आमच्यापासनं तासाभरावर नाशिकरोडला. तालुक्यातले कितीतरी जण तिथं कामाला होते, आहेत. आमच्याकडं येणारे एक रिटायर्ड काका नोट हातात घेतात, नुसती दोन बोटांत चोळतात आणि परत देतात, उजेडात धरत पण नाहीत. त्यांना विचारलं काका काय बघता, तर म्हणे, "बघायचं काय त्यात, लागतं हाताला." मशीनवाल्यांना त्यांचा अंगठा विकत मिळाला असता तर बरं झालं असतं.

पण मशीनचा एक फायदा असा आहे जो मला घेताना माहीत नव्हता आणि आता तोच सगळ्यात मोठा वाटतो. गावात सगळे ओळखीचे. कुणी नात्यातलं, कुणी भावकीतलं, कुणी वडिलांच्या बरोबरीचं. त्यांच्या तोंडावर नोट उजेडात धरली की त्यांना लागतं, "माझ्यावर विश्वास नाही का रे?" आणि न धरावी तर आपलं नुकसान. आता सगळ्यांच्या नोटा मशीनमधनं जातात, सरपंचाच्या पण आणि मजुराच्या पण. ओरडलं तर मशीन ओरडतं, मी नाही. मी म्हणतो, "तात्या, हिचा काय नेम नाही, धुतलेल्या नोटेला पण ओरडती, द्या बघू दुसरी." तात्या बदलून देतात, कुणाला वाईट वाटत नाही. यासाठी मी मशीनला एक मार्क जादा दिलाय, नाहीतर पकडायला पाचच दिले असते.

ज्यांचा गल्ला लहान आहे, म्हणजे दिवसभरात पाचशेच्या वीस-पंचवीस नोटा, चहावाला, किराणा, सलून, त्यांनी मशीनच्या फंदात पडू नका. तीन-चारशे रुपयांत हातातला यूव्ही टॉर्च मिळतो, तो घ्या आणि वर सांगितलं तसं अंगठ्याने आणि तिरकं करून बघा, दोन्ही मिळून पुष्कळ झालं. टॉर्च घेताना जांभळा उजेड जास्त पडतो तो स्वस्तातला घेऊ नका, त्यात सगळंच जांभळं दिसतं. आधी घरातला साधा झेरॉक्सचा कागद आणि खरी नोट शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळला पाहिजे. नोट तपासायचा पेन पण विकतात, आयोडीनची शाई असते, साध्या कागदात स्टार्च असतो त्यावर काळं उमटतं आणि नोटेवर उमटत नाही. चालतो, पण कागदापलीकडं त्याला काही कळत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या नोटेवर रेघ मारली की भांडण. मला तो पटला नाही.

मिक्स व्हॅल्यू वालं कुणी घ्यावं? पेट्रोल पंप, आडत, मोठं मेडिकल, जिथं सगळ्या नोटा एकत्र येतात. ओळखीच्या पंपावर आहे, मी वापरून बघितलं, पाचशेमध्ये घुसलेली दोनशेची लगेच पकडतं आणि नोटेचं चित्र वाचत असल्यामुळं नकली पकडायला पण आमच्यापेक्षा नक्कीच हुशार. पण नवीन नोट किंवा नवीन डिझाइन आलं की त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करावं लागतं. २०१६ ला नव्या नोटा आल्या तेव्हा एटीएमचं काय झालं होतं आठवतंय ना, मशीनं जुन्या मापाची आणि नोटा नव्या मापाच्या, सगळी एकेक करून बदलत बसले होते. म्हणून अपडेट फुकट का पैसे देऊन, आणि कोण येऊन करून देणार, हे घेतानाच विचारा.

देखभालीचं थोडक्यात. आमच्यासारखी मातीची नोट असेल तर रोज संध्याकाळी ब्रशने सेन्सर साफ करा, सोबत ब्रश येतो. सेन्सरवर धूळ बसली की आधी आकडा चुकायला लागतो, दोन नोटा एक धरतो किंवा उगाच डबल नोट दाखवतो, आणि आपण समजतो मशीन गेलं. दमट नोटा आधी पंख्याखाली जरा पसरा, तशाच टाकल्या तर चिकटून जातात. पिना काढा, स्टेपलरच्या पिनेने आमचा एक रोलर कापला गेला. रबरी रोलर एरवी पण झिजतात, झिजले की नोट ओढत नाही. आणि हा रोलर वॉरंटीत येत नाही, हे आम्हाला बिल झाल्यावर कळलं, तुम्ही आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. धुळीचं कव्हर खोक्यात नव्हतं, मागितल्यावर दिलं. सर्व्हिसवाला नाशिकहून येतो, फोन केल्यावर दोन दिवस धरून चाला, सीझनमध्ये चार.